कुंभारझरीच्या शाळेतली फळी

संग्रामपूर,
फेब्रुवारी १९६७

प्रिय पंजाब,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र काल दुपारी पोचलं. 'आक्का, त्या समितीपुढे तू जाऊ नकोस, त्यात कोणाचंच भलं नाही, थोड्या दिवसांनी सगळं आपोआप निवेल,' असं लिहिलं आहेस. उशीर झाला बाबा. मी परवाच बुलढाण्याला जाऊन आले. पत्र आधी आलं असतं तरी गेलेच असते म्हणा, पण मग वाटभर मनातल्या मनात तुझ्याशी भांडत गेले असते आणि तिथं बोलायला आवाज उरला नसता. तेव्हा टपालवाल्याचे उपकारच झाले म्हणायचे.

पत्र दोनदा वाचलं. माझ्या गुडघ्यांची चौकशी आहे, पुण्याच्या थंडीचं आहे, माझ्या भावजयीनं, रुख्मिणीनं शिवणाचा क्लास लावल्याचं आहे. अंबूचं नाव कुठेच नाही. एका ठिकाणी 'झाला तो प्रकार' एवढं आहे. पोरीचा डोळा गेला, पंजाब. डोळा! त्याला तुमच्या पुण्यात प्रकार म्हणतात का? काल हे शब्द वाचले तेव्हापासून माझं डोकं तापलं आहे, म्हणून हे पत्र सरळ जाणार नाही. मध्येच जुनं काहीतरी येईल, मध्येच शिव्याही येतील. तू मोठा साहेब असशील, पण तुला शिव्या देण्याचा हक्क माझ्याकडे आहे आणि तो मी कोणाच्या परवानगीनं वापरत नाही.

तू पाच-सहा वर्षांचा असशील. माय नुकतीच गेली होती, बाबा खामगावला कापसाच्या जिनात कामाला. मी तुला हाताला धरून शाळेत नेलं, तर मास्तरांनी तुला ओसरीवर बसवलं. आत जागा होती, पण आपल्यासाठी नव्हती. मीही तिथंच बसून शिकले होते, म्हणून मला नवल वाटलं नाही. पण तू घरी येऊन म्हणालास, 'आक्का, मले फळा दिसत नाही, पण मी सगळं आयकतो.' आणि खरंच तू ऐकून ऐकून शिकलास. खिडकीखाली बसून पाढे पाठ केलेस, कविता पाठ केल्यास. पुढे मी सातवीची फायनल परीक्षा पास होऊन मास्तरीण झाले, तू कॉलेजात गेलास, आणि नवं राज्य झाल्यावर सरकारनं हे श्रवण-शिक्षण मंडळ काढलं तेव्हा त्यात अधिकारी झालास. तेव्हा तू मला काय म्हणाला होतास ते मी विसरलेले नाही. म्हणालास, 'आक्का, रेडिओ कोणाला ओसरीवर बसवत नाही. तो सगळ्यांना सारखाच ऐकू येतो.' बाबा तेव्हा खाटेवर पडून होते. ते उठून बसले होते हे ऐकून. आपलं, किसनरावाचं पोरगं खेड्याखेड्यांतल्या शाळांत रेडिओ लावणार, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

आणि रेडिओ आला तेव्हा तो चांगलाच होता, हे मी परवा समितीलाही सांगितलं. मी काही रेडिओची वैरीण नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं कुंभारझरी, तिथं पेपरसुद्धा येत नव्हता. तिथं एका खोलीच्या शाळेत समुद्राचा आवाज आला! पोरं आ वासून बसली. पहिल्या आठवड्यात खिडक्यांत बायाबापे उभे राहायचे. तुमच्या पुण्याच्या बाई फार शुद्ध बोलायच्या, पोरांना अर्धं कळायचं नाही, मग मी धडा संपल्यावर तोच आपल्या बोलीत पुन्हा सांगायचे. अंबू तर रेडिओच्या अगदी खाली, भिंतीला पाठ न लावता, मान वर करून बसायची. कडूबा माळ्याची ही पोरगी. बाप वांगी-मिरची पिकवून संग्रामपूरच्या बाजारात विकतो. ती त्या पुण्याच्या बाईंची हुबेहूब नक्कल करायची, 'मुलांनो, आता आपण पाहू या,' आणि अख्खा वर्ग हसायचा. तिची जागा दुसऱ्या कोणी घेतली की भांडण व्हायचं. ती जागा मी तिला दिलेली नव्हती, तिनं मिळवलेली होती.

तुमचा मिस्त्री आला आणि त्यानं रेडिओ भिंतीवर टांगला. मातीच्या भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या, वर फळी टाकली, फळीवर रेडिओ आणि त्याच्या शेजारी ती ॲसिडची जड बॅटरी. पोरांचा हात पोचू नये म्हणून उंच. मंडळाच्या माणसाशिवाय कोणी हात लावायचा नाही, ही ताकीद मला दोनदा वाचून दाखवली. त्या खुंट्यांना उधई लागली, लाकूड आतून पोखरलं. भिंतीतून माती गळायला लागली. बॅटरी बदलायला यायचा त्या माणसाला मी सांगितलं, तो म्हणाला, 'बाई, माझं काम बॅटरीचं हाये, फळीचं नाही.' पुण्याला कळवलं, उत्तर नाही. आणि मग तू आलास.

आठवतं ना? नसेल आठवत तर मी आठवण करून देते. पोळा होऊन गेला होता. तुझी जीप पाहायला सगळं गाव लोटलं. मी तुला वर्गात नेलं, दार लावून घेतलं आणि फळी दाखवली. तू बूट काढून खुर्चीवर चढलास, फळी हलवून पाहिलीस. माती तुझ्या कोटाच्या बाहीवर पडली, ती मी माझ्या पदरानं झटकली. तू म्हणालास, 'आक्का, हलते खरी.' मी म्हटलं, 'मग आत्ताच खाली उतरवू. मी कोपऱ्यात ओट्यावर ठेवते, भोवती आडवं बाक लावते.' तू म्हणालास, 'तसं करू नकोस. नियमात बसत नाही. तू हात लावलास आणि काही बिघडलं तर तुझ्यावर येईल. मी पुण्याला गेलो की पहिलं हे पाहतो.' मी ऐकलं. माझा भाऊ सांगतो आहे, तोच या कामाचा अधिकारी आहे, यापेक्षा मोठं आश्वासन काय असतं? मग तू माझ्याकडे भरीत-भाकरी खाल्लीस, वर म्हणालास की पुण्यात अशी चव नाही, आणि गेलास.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली, तरी पुण्याहून कोणी आलं नाही. त्या दिवशी नद्यांचा धडा चालू होता. मी खिडकीशी उभी होते. फळीखालची सतरंजी मी मागे ओढली होती, पण अंबू सरकत सरकत पुन्हा तिथंच आली होती. खुंटी सुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. रेडिओ एका अंगाला लोंबकळला, त्याच्या तारांत अडकला. बॅटरी सरळ खाली आली आणि अंबूच्या पुढ्यात जमिनीवर आपटून फुटली. ती आधी ओरडलीच नाही. दोन्ही हात तोंडावर धरून म्हणाली, 'बाई, आग होऊन राह्यली.' मी तिला उचललं, माठ तिच्या तोंडावर रिकामा केला. पोरं विहिरीकडे धावली, बादलीमागून बादली आणत राहिली. कडूबाच्याच बैलगाडीतून तिला संग्रामपूरला नेलं, वाटेत मी ओल्या फडक्यानं डोळे पुसत होते आणि ती मला विचारत होती, 'बाई, रेडिओ फुटला का?' पुढे अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात कितीतरी दिवस काढले. डावा डोळा वाचला. उजवा गेला.

यानंतरचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही, म्हणून सांगते. मंडळाची दोन माणसं आली, फुटलेली बॅटरी गोणपाटात बांधून घेऊन गेली, पोरांना काही विचारलं नाही. आणि मग ठपका आला. शिक्षिकेनं मनाई असताना संच जागेवरून हलवला, त्यामुळे अपघात. शिक्षिका म्हणजे मी. जिनं हात न लावण्याची आज्ञा देवाच्या शब्दासारखी पाळली, ती मी. कुंभारझरीहून माझी इथं संग्रामपूरला बदली झाली. निघाले त्या दिवशी एकही पोर भेटायला आलं नाही. गावात बोललं जात होतं की बाईनं कडूबाच्या पोरीचा डोळा घालवला, आणि 'त्यायच्या हाताखाली पोरं देलीच कायले' असंही. ते 'त्यायच्या' म्हणजे कोणाच्या, ते तुला समजावून सांगायला नको. त्या गावात सगळ्या जातींच्या पोरांना एका सतरंजीवर बसवायला मला जी वर्षं लागली, ती एका फळीबरोबर खाली आली. कडूबा बाजारात समोरून यायचा आणि मान फिरवून निघून जायचा. मी त्याला काय सांगणार होते?

तू तेव्हाही गप्प होतास. मी स्वतःला समजावलं. म्हटलं, पंजाबला भीती वाटत असेल. आपल्या घरात खुर्चीवर बसलेला पहिला माणूस तो. खुर्ची गेली तर दुसरी मिळेल याची आपल्याला खात्री नसते, वरच्यांना असते. त्याच्या कचेरीत त्याच्या प्रत्येक चुकीकडे बोटं दाखवायला दहा जण टपलेले असतील. गप्प बसला असेल, बसू दे. गप्प बसणं आपण लहानपणी ओसरीवरच शिकलो. त्यासाठी मी तुझ्याशी भांडणार नव्हते. रागही गिळला होता, खोटं सांगत नाही.

मग ही समिती नेमली गेली. अशाच बंद पडलेल्या रेडिओंच्या, न आलेल्या बॅटऱ्यांच्या तक्रारी ठिकठिकाणांहून गेल्या असणार. समितीत मंडळाचा एकही माणूस नाही असं वाचलं आणि मी लगेच कार्ड टाकलं की मला बोलायचं आहे. त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी कडूबा माझ्या दारात येऊन उभा राहिला. पायरीवरूनच म्हणाला, 'बाई, कालदी पोरगीले इचारलं. ते म्हणते बाईनं हात बी नाही लावला. मी आजलोक इचारलंच नव्हतं तिले. साह्यबायनं लिहिलं ते खरं धरलं.' मग म्हणाला, 'मी येतो तुमच्यासंग. पोरगीले बी आणतो.' मी त्याला घरात ये म्हटलं. तो आला, चहा घेतला. कुंभारझरीत माझ्या घरचं पाणीही न प्यालेला माणूस आहे तो.

नांदुऱ्याला गाडी बदलून, मोताळ्यावरून, राजूरचा घाट चढून आम्ही तिघं बुलढाण्याला गेलो. मोठ्या हॉलमध्ये टेबल, टेबलामागे तिघे: अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, नागपूरच्या एक प्राचार्या, आणि एक इंजिनियर. बाजूला तुमच्या विभागाचे रंगराव साहेब, फायलींचा ढीग घेऊन. आधी इंजिनियरांनी त्यांनाच धरलं. विचारलं, 'आता हातात मावणारे रेडिओ निघालेत, साध्या सेलवर चालतात. मग पोरांच्या डोक्यावर ॲसिड कशाला टांगता?' रंगराव साहेब म्हणाले, 'जुना साठा संपवायचा होता.' मी कडूबाकडे पाहिलं नाही. साठा! माझ्या वर्गात ती पोरगी मान वर करून बसत होती तेव्हा तुम्ही साठा संपवत होता.

मग अंबूला पुढे बोलावलं. रंगराव साहेबांनीच विचारलं, गोड आवाजात, 'बाळ, बाईंनी रेडिओ इकडचा तिकडे केला होता ना?' ती म्हणाली, 'नाही. बाई तं आम्हाले त्याच्याखाली झाडू बी देत नव्हत्या.' प्राचार्याबाईंनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, 'मग काय करायचं सांग. शाळेतले रेडिओ बंद करून टाकायचे का?' अंबू त्यांच्याकडे मान वळवून, त्या एका डोळ्यानं पाहत म्हणाली, 'बंद काऊन? खाली ठिवा ना.'

पंजाब, एवढंच होतं. खाली ठेवायचं होतं. तुमच्या एवढ्या मोठ्या मंडळात, एवढ्या साहेबांत, हे एकाही माणसाच्या तोंडून निघालं नाही. अध्यक्षांनी तिथंच कारकुनाला बसवून तारा लिहवल्या, की प्रत्येक शाळेतली बॅटरी आजच्या आज जमिनीवर उतरवा, पोरांपासून लांब, आणि हेडमास्तरांनीच उतरवा, मंडळाच्या माणसाची वाट पाहू नका. पुढे अहवालात देखभालीचं काम पुण्याकडून काढून तालुक्याच्या ठिकाणी देण्याची शिफारस करणार आहेत असंही म्हणाले. काम झालं असं मला वाटलं. मी उठणार होते.

तेवढ्यात रंगराव साहेब उभे राहिले. म्हणाले, 'समितीची दिशाभूल होते आहे. अपघाताच्या आधी आमच्या तपासणी अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन ती फळी पाहिली होती. फळी पक्की होती, असा त्याचा सहीनिशी जबाब आहे. याच जबाबावर बाईंना दोषी धरलेलं आहे.' मला आधी समजलंच नाही कोणाबद्दल बोलताहेत. मग समजलं. म्हणजे तू गप्प नव्हतास. इतके दिवस मी ज्याला तुझं गप्प बसणं समजत होते, ते बोलणं होतं. खुर्चीवर चढून, माती अंगावर घेऊन, 'हलते खरी' म्हणालास आणि पुण्याला जाऊन फळी पक्की होती म्हणालास. काऊन रे? काऊन केलं असं? भीती वाटली तर गप्प राहायचं होतं, मी ते पोटात घातलं होतं. ज्या बहिणीनं तुझ्या बाहीवरची माती झटकली, तिच्याच माथी तू पोरीच्या डोळ्याचा दोष लादलास. आणि वर मला पत्र लिहितोस, जाऊ नकोस, निवून जाईल. निवत नाही, पंजाब. मी काल रात्रीचं जेवले नाही, आज सकाळचं जेवले नाही, आणि राग जसाच्या तसा आहे. तुझा राग येतो त्याहून जास्त याचा येतो, की ओसरीवरून ऐकून शिकलेला माझा भाऊ असल्या जबाबावर सही करायला शिकला कुठे? कोणीतरी तुझ्यासमोर तो ठेवला असणार. 'सही करा, नाहीतर तुमच्याच गळ्याशी येईल' म्हणालं असणार. मी तुला तुझ्या बोबड्या बोलापासून ओळखते. हे वाक्य तुझं नाही.

आता हे पत्र मी का लिहिते आहे ते ऐक. अध्यक्षांनी मला विचारलं, 'त्या अधिकाऱ्याला तुम्ही फळी दाखवली होती का? त्याचं नाव सांगू शकता?' रंगराव साहेब माझ्याकडे पाहत होते. त्यांना नातं ठाऊक होतं, मी तोंड उघडणार नाही असा त्यांचा हिशेब होता. मी तुझं नाव सांगितलं. खुर्चीवर चढल्याचं सांगितलं, 'हलते खरी' म्हणालास ते सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, 'तुमचा त्यांच्याशी काही परिचय?' मी म्हटलं, 'माझा धाकटा भाऊ आहे. मीच वाढवला.' त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, त्याला पुण्याच्या बैठकीत बोलावू; जबाब त्याचा की दुसऱ्या कोणी लिहवला, हे तोच सांगू शकेल, नाहीतर या सगळ्याचा दोष शेवटी त्याच्यावर आणि तुमच्यावर येईल, वरचे सगळे सुटतील. तुला बोलावणं येईल ते दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, तुझं नाव मी घेतलं हे तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिलं. त्या बैठकीला मी येते आहे, कडूबा आणि अंबूही येणार आहेत. आम्ही समोरच बसू. तू आधी पोरीकडे पाहा आणि मग काय बोलायचं ते बोल. आम्ही तिघं धर्मशाळेत उतरणार आहोत, तुझ्या घरी नाही. पण तू खरं बोललास, तर त्या संध्याकाळी आम्ही न सांगता तुझ्या दारात येऊ. रुख्मिणीला भाकरी जास्त थापायला सांगून ठेव. नोकरी गेली तर परत ये, माझ्या घरात दोन खोल्या आहेत. आणि खोटंच बोललास, तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

तुझीच, अजून तरी,
आक्का